तिसऱ्या दिवसाची पिवळी गोळी

परवा सकाळी आठच्या सुमाराला गेटवर दोन बाया आल्या. डोक्यावरून गुडघ्यापर्यंत हिजाब, त्यावर कॅम्पेनचं जॅकेट, एकीच्या खांद्याला औषधांची पिशवी, दुसरीच्या हातात रजिस्टर. कानोला राहायला येऊन आम्हाला तिसरं वर्ष चालू आहे, त्यामुळे आता ओळखते मी. पाऊस लागला की दर महिन्याला अशी जोडी गल्लीत फिरते, पाच वर्षांखालचं पोर कुठल्या घरात आहे ते विचारते आणि मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या पाजून जाते. बायाच पाठवतात कारण इथे उत्तर नायजेरियात परका पुरुष अंगणाच्या आत जात नाही.

आमच्याकडे लहान मूल नाही, पण गेटला लागून असलेल्या खोलीत मायगादी राहतो (इथे वॉचमनला मायगादी म्हणतात), त्याची बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. मी चहाचा कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले, कारण मी बी.फार्म. केलेली बाई, औषध कोणी कसं देतंय हे बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आधी प्रश्न. आज ताप आहे का? गेल्या महिन्यात मलेरियाचं दुसरं कुठलं औषध घेतलं का? कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का? कपाळाला हात लावून बघितला. मग स्ट्रिप काढली, वर्षाखालच्या बाळांची वेगळी आणि एक ते पाच वर्षांवाल्यांची वेगळी, म्हणजे तिथे वजनकाटा लागत नाही, हिशोब लागत नाही, वय विचारलं की झालं. स्ट्रिपमध्ये चार गोळ्या असतात, एक सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची, जिला सगळे एसपी म्हणतात, आणि तीन पिवळ्या, अमोडायाक्विनच्या. पहिल्या दिवशी एसपी आणि एक पिवळी. उरलेल्या दोन पिवळ्या आईने दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी घरी द्यायच्या.

प्लास्टिकच्या कपात चमचाभर पाणी, त्यात दोन्ही गोळ्या टाकल्या, लगेच विरघळल्या, आईने चमच्याने ढवळलं आणि पोरीला मांडीवर घेतलं. पोरगी हुशार, ओठ घट्ट मिटून बसली. कसंबसं पाजलं आणि दहा मिनिटांच्या आत सगळं बाहेर, आईच्या लुगड्यावर पिवळा डाग. मला वाटलं आता ह्या बाया जातील पुढच्या घरी, त्यांना दिवसाला कितीतरी घरं करायची असतात, पण नाही गेल्या. नियम असा आहे की डोस दिल्यावर अर्धा तास थांबायचं आणि त्या वेळात ओकलं तर पुन्हा द्यायचा. थोडा वेळ शांत बसू दिलं, मग नवीन कप, नवीन गोळ्या, ह्या वेळी आई हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. गेलं पोटात. परत अर्धा तास उंबऱ्यावर बसून राहिल्या दोघी. मग कार्डावर खूण, गेटवर खडूने खूण, आणि पुढे.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. माझी आई गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे तीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका होती. तापाचा पेशंट दिसला की बोटाला टोचून तपासायला रक्ताची काच घ्यायची, रिपोर्ट यायच्या आधीच क्लोरोक्विन द्यायचं, ह्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. ती म्हणाली, "अगं पण पोरीला ताप नव्हता ना? मग बऱ्या लेकराला औषध कशाला पाजता तुम्ही? आणि दर महिन्याला? आणि पाजायचंच तर ते ओकारी आणणारं कशाला, दुसरं काही नाही का मिळत?"

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि फोनवर मी जे सांगितलं ते घाईत सांगितलं, म्हणून इथे नीट लिहिते.

बऱ्या लेकराला का, ह्याचं उत्तर इथल्या पावसात आहे. सेनेगलपासून पूर्वेला पार सुदानपर्यंत सहाराच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा जातो त्याला साहेल म्हणतात, कानो त्याच्या कडेलाच येतं. इथे पाऊस तीन-चार महिने, आणि वर्षभराच्या मलेरियाच्या केसेसपैकी बहुतेक त्या चार महिन्यांत आणि त्याच्या मागोमाग. इथला मलेरियाचा परजीवी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाणारा. २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यातले जवळपास ९५ टक्के आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतल्या दर चार मृत्यूंमागे तीन पाच वर्षांखालची मुलं. एकट्या नायजेरियाचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास. मोठ्यांच्या अंगात दरवर्षी डास चावून चावून थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, अडीच वर्षांच्या पोरीकडे ती नसते. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी तापतं आणि दुसऱ्या दिवशी झटके येतात, इतकं ते भरभर जातं. मग ज्या चार महिन्यांत धोका आहे तेवढ्याच चार महिन्यांत, महिन्यातून एकदा, औषधाचा पूर्ण कोर्स द्यायचा, म्हणजे रक्तात सतत औषध राहतं, आत कुठे परजीवी असेल तर मरतो आणि नवीन आला तर वाढत नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ह्याची शिफारस केली तेव्हा दोनेक लाख मुलांना मिळत होतं, २०२३ मध्ये हा आकडा ५ कोटींच्या वर गेला. मला तरी गेल्या काही वर्षांत लहान मुलांच्या आरोग्यासाठी इतक्या वेगाने पसरलेलं दुसरं काम आठवत नाही, आणि आपल्याकडे ह्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून वाईट वाटतं.

आता दर महिन्याला का. ह्याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर घानामधल्या होहो नावाच्या जिल्ह्यातल्या अभ्यासात आहे. तिथे एका गटाला आर्टेसुनेट (हेही मलेरियाचंच औषध) आणि अमोडायाक्विन दर महिन्याला दिलं, दुसऱ्या गटाला तेच औषध दोन महिन्यांतून एकदा, तिसऱ्याला नुसतं एसपी दोन महिन्यांतून एकदा. महिन्याला देणाऱ्यांमध्ये मलेरिया ६९ टक्क्यांनी कमी झाला. दोन महिन्यांनी देणाऱ्यांमध्ये? १७ टक्के. नुसतं एसपी, २४ टक्के. औषध तेच, फक्त मधलं अंतर वाढलं आणि ६९ चे १७ झाले. चार आठवडे उलटले की संरक्षण उतरायला लागतं, पुढचा डोस उशिरा आला तर मधल्या दिवसांत पोर उघडं पडतं. म्हणून इथे कॅम्पेनची तारीख पावसाने रस्ता वाहून गेला तरी फार पुढे ढकलता येत नाही.

आणि कुठलं औषध, हा आईचा तिसरा प्रश्न, माझ्या आवडीचा, कारण ह्यात फार्मसी आहे.

सुरुवात खूप जुनी. १९८० च्या दशकात गांबियात फाराफेन्नीच्या आसपासच्या गावांमध्ये मलेरियाचे संशोधक ब्रायन ग्रीनवूड आणि त्यांच्या टीमने पावसाळ्यात मुलांना दर पंधरा दिवसांनी मॅलोप्रिम, म्हणजे पायरिमेथामिन आणि डॅप्सोन, गावातल्याच आरोग्य सेवकांकडून दिलं आणि मलेरिया तर कमी झालाच, मृत्यूही कमी झाले. पण दर पंधरा दिवसांनी वर्षानुवर्षं कोण देणार, आणि परजीवी औषधाला सरावला, म्हणजे औषधाने मरेनासा झाला, तर काय, ह्या भीतीने ती कल्पना मागे पडली. मग २००२ मध्ये सेनेगलच्या न्याखार भागात हजारभर मुलांवर एसपी आणि आर्टेसुनेट, पावसाळ्यात महिन्याला एकदा असं तीन वेळा, आणि मलेरिया ८६ टक्क्यांनी घटला. तिथून सगळ्यांचे कान टवकारले.

पण आर्टेसुनेट हे रक्तातून काही तासांत निघून जाणारं औषध आहे. आजारी माणसाला ते अमृत, कारण झपाट्याने परजीवी मारतं, पण महिनाभर राखण करायला त्याचा उपयोग काय? राखण एकटं एसपी करत होतं. सल्फाडॉक्सिनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला आठवडाभर लागतो. अमोडायाक्विन पोटात गेल्यावर त्याचं जे रूप तयार होतं तेही असंच रेंगाळतं. म्हणून मग सेनेगलमध्येच औषधं द्यायचे चार पर्याय एकमेकांसमोर ठेवून बघितले, त्यात एसपी आणि तीन दिवस अमोडायाक्विन ही जोडी सरस ठरली. दोघंही रेंगाळणारे, दोघांची मारायची तऱ्हा वेगळी, एक परजीवीला फोलेट (त्याला वाढायला लागणारं जीवनसत्त्व) बनवू देत नाही, दुसरं त्याने खाल्लेल्या हिमोग्लोबिनचं विष त्याच्याच पोटात साठवतं, त्यामुळे एकाला सरावलेला परजीवी दुसऱ्याच्या हातून सुटत नाही. खोट एकच निघाली, उलट्या. अमोडायाक्विन कडू आहे आणि काही मुलांना ते सहन होत नाही.

इथेच आणखी एक जोडी मैदानात येते, डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पाइपराक्विन, डीपी म्हणूया. पाइपराक्विन तर ह्या दोघांपेक्षाही जास्त दिवस रेंगाळतं आणि मुलांना त्याने ओकारी कमी होते. गांबियात एसपी-अमोडायाक्विन, एसपी-पाइपराक्विन आणि डीपी अशा तिन्ही एकाच पावसाळ्यात हजारभर मुलांना देऊन बघितल्या, संरक्षण तिन्हींचं जवळपास सारखं आणि त्रास पाइपराक्विनवाल्यांना कमी. बुर्किना फासोमध्ये साधारण दीड हजार मुलांवर थेट सामना झाला, औषध न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत एसपी-अमोडायाक्विनने मलेरिया ८३ टक्के कमी, डीपीने ७७ टक्के. म्हणजे डीपी थोडं मागे पण फार नाही, आणि सहन व्हायला चांगलं. मग माझ्या मायगादीच्या पोरीला डीपी का नको? मला खरंच काही दिवस हा प्रश्न पडला होता.

उत्तर हे की ते उपचाराचं औषध आहे. डीपीमध्ये आर्टेमिसिनिन घराण्यातलं औषध आहे (आर्टेसुनेट आणि आर्टेमेथर ह्याच घराण्यातली), आणि आज जगात फाल्सिपेरमच्या उपचाराची सगळी भिंत ह्या एका घराण्यावर उभी आहे. आफ्रिकेत रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रिया ह्या भागांत त्याला अर्धवट सरावलेले परजीवी सापडायला लागलेत. अशात कोट्यवधी निरोगी मुलांना दर महिन्याला तेच पाजायचं म्हणजे घर पेटलं तर लागेल म्हणून ठेवलेलं पाणी रोज अंगणात शिंपडण्यासारखं आहे. एसपी-अमोडायाक्विनमध्ये आर्टेमिसिनिन नाही, आणि जिथे ही मोहीम चालते तिथे उपचारात अमोडायाक्विन शक्यतो वापरत नाहीत, बहुतेक आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन वापरतात. राखणीचं औषध वेगळं, उपचाराचं वेगळं. मला ही आखणी फार आवडते, कोणीतरी पुढची वीस वर्षं डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे.

अमोडायाक्विनबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९८० च्या दशकात परदेशी प्रवासी हेच औषध प्रतिबंध म्हणून दर आठवड्याला महिनोन् महिने घ्यायचे आणि त्यातल्या काहींना यकृताचा त्रास झाला, काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी झाल्या, म्हणून तशा वापरासाठी ते बंदच झालं. महिन्यातून तीन दिवस आणि वर्षातून चार-पाच वेळा देण्यात तो प्रकार कोट्यवधी डोसांनंतरही क्वचितच दिसलाय, पण सल्फाची अॅलर्जी असलेल्या, को-ट्रायमोक्साझोल (हेही सल्फाचंच औषध) चालू असलेल्या किंवा आजच ताप असलेल्या मुलाला हे द्यायचं नाही हे पक्कं आहे. ताप असेल तर आधी टेस्ट.

आमच्या मराठी ग्रुपवर लागोसहून एकीने विचारलं की आमच्या मुलाला पण द्यायचं का. नाही. तिकडे किनाऱ्याकडे मलेरिया बारा महिने असतो, ही मोहीम तिथे चालत नाही. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा, प्रवाशांसाठी औषधं वेगळी आहेत आणि मच्छरदाणीला पर्याय नाही.

२०१५-१६ मध्ये सात देशांत मोठ्या प्रमाणावर हे काम झालं तेव्हा बघितलं की डोस दिल्यावर पहिले २८ दिवस संरक्षण ८८ टक्के होतं, आणि चार महिन्यांचा खर्च एका मुलामागे सरासरी ३.६३ डॉलर, औषध, बायांचा भत्ता, गाड्या सगळं धरून. त्यापुढचा मोठा प्रश्न होता एसपीला सरावलेल्या परजीवींचा, पूर्व आफ्रिकेत तर एसपी बरंच निकामी झालंय, म्हणून ही जोडी तिकडे चालणारच नाही असं बरेच जण म्हणायचे. २०२१ मध्ये युगांडाच्या कारामोजा भागात देऊन बघितलं तर संरक्षण ९२ टक्के निघालं. तिथे जास्त भार अमोडायाक्विन उचलतंय असं माझं मत, म्हणजे ज्या गोळीला पोरं ओकतात तीच कामाची. आणि लस आल्यावर गोळ्यांची गरज संपणार असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, बुर्किना फासोतलं हौंदे आणि मालीतलं बुगुनी इथे जवळपास सहा हजार मुलांवर अभ्यास झाला, नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत गोळ्या आणि आरटीएस,एस लस दोन्ही मिळालेल्यांमध्ये मलेरिया आणखी ६३ टक्के कमी. दोन्ही हवं.

आईने शेवटी विचारलंच, "मग आपल्या भामरागड-एटापल्लीला का नाही करत हे?" मी पण खूप विचार केला. आपल्याकडे जंगलात मलेरिया फक्त लहान पोरांना होत नाही, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाईला होतो, मोठ्या माणसांना होतो, त्यात फाल्सिपेरमबरोबर व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी आहे जो यकृतात लपून बसतो आणि ह्या गोळ्या त्याला तिथून काढत नाहीत. आणि मोठं कारण, ईशान्येकडची राज्यं सोडली तर आपल्याकडे कित्येक वर्षं फाल्सिपेरमचा उपचारच आर्टेसुनेट आणि एसपीने होत आलाय. मग तेच एसपी प्रतिबंधाला वाटलं तर इथे जी भिंत जपतायत ती तिकडे आपण स्वतःच्या हाताने पाडू. आई गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे औषध चांगलं की वाईट नाही, कुठे काय शिल्लक ठेवायचंय ते बघायचं." तीस वर्षं काम केलेल्या बाईला मला फार समजवावं लागत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी मायगादीच्या खोलीकडे गेले. दुसऱ्या दिवशीची गोळी दिली होती, कार्डावर खूण होती. तिसरी स्ट्रिपमध्ये तशीच. मी मायगादीच्या बायकोला विचारलं तर ती आधी हसली, मग खाली बघायला लागली. माझी हौसा भाषा तोडकीमोडकी, तिची इंग्लिश तशीच, पण कळलं ते असं की पोरगी तर बरी आहे, खेळतेय, आणि थोरल्याच्या अंगात कालपासून ताप आहे, त्याला बाया देत नाहीत कारण तो सहा वर्षांचा, म्हणून ती पिवळी गोळी त्याच्यासाठी ठेवलीय.

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, एक गोळी आणि दोन पोरं, ज्याला ताप आहे त्याला द्यायची हेच कुठल्याही आईला सुचेल. सेनेगलमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना देतात, २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही वयाची आणि महिन्यांची कडक अट काढून टाकलीय, देशांनी आपापलं ठरवायचं, पण इथे पैसे पाच वर्षांपर्यंतच पुरतात.

मी तिला म्हटलं गोळी राहू दे, आधी ह्याला घेऊन चल. पोरगा चटईवर पडला होता, हात लावला तर चटका बसला. आमच्या गाडीने सरकारी दवाखान्यात गेलो, रांगेत तासभर, मग बोटाला टोचलं आणि ती छोटी पट्टी, पंधरा मिनिटांनी दोन रेघा. झझ्झाबिन चिझोन साउरो, नर्स म्हणाली, डासाच्या चाव्याचा ताप. आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिनची स्ट्रिप दिली, तीन दिवस, दिवसातून दोनदा, काहीतरी खाऊन. पहिला डोस तिथेच दिला. परत येताना पोरगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, आणि मी तिला माझ्या तुटक्या हौसात पुन्हा पुन्हा सांगत होते की हे औषध ह्याचं, पिवळी तिची, दोन्ही वेगळं, अदलाबदल करायची नाही. तिने मान डोलावली, मग तीच मला म्हणून दाखवायला लागली, बोटाने आधी मुलाकडे आणि मग घराच्या दिशेने दाखवत.

घरी पोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. तिने कप घेतला, पाणी घातलं, पिवळी गोळी टाकली, ह्या वेळी चिमूटभर साखरही. पोरगीने ओठ मिटले. आई गुणगुणायला लागली. मी मोबाईलवर वेळ बघितली आणि अर्धा तास तिथेच उंबऱ्यावर बसले.

नाही ओकली. कार्डावरच्या शेवटच्या चौकोनात तिने स्वतःच्या हाताने खूण केली.